बेरिया वाळूखडकाचा मेश: पार्यतेचं उत्तर साडेसात हजारपट येतंय

रेतीचा_कण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी खडकाच्या छिद्रांतून पाणी कसं वाहतं याचं सिम्युलेशन करतोय. स्वतः खडकाचा गाभा (दंडगोल नमुना) कापून सीटी स्कॅन करायला ना पैसे ना ओळख, म्हणून इंपीरियल कॉलेज लंडनच्या गटाने खुलं ठेवलेलं बेरिया वाळूखडकाचं मायक्रो-सीटी चित्र घेतलं. ४०० × ४०० × ४०० व्होक्सेल (चित्राचे घनाकार ठिपके), एका व्होक्सेलची बाजू ५.३४५ मायक्रॉन, म्हणजे अख्खा घन जेमतेम २.१४ मिलिमीटरचा. सच्छिद्रता १९.६ टक्के आणि पार्यता (खडकातून पाणी किती सहज जातं त्याचं माप) १२८६ मिलिडार्सी असे आकडे त्यासोबत छापलेले आहेत. चित्र आधीच काळं-पांढरं करून मिळतं, त्यामुळे थ्रेशोल्डची, म्हणजे कुठला राखाडी दगड आणि कुठला छिद्र हे ठरवण्याची, कटकट नाही.

पूर्ण घन म्हणजे ६.४ कोटी व्होक्सेल. तेवढ्या सेलची जाळी सुरू केली की ६४ जीबीचं मशीन आचके देतं. म्हणून एका कोपऱ्यातला २०० चा घन कापला. पायथॉनमध्ये मार्चिंग क्यूब्ज लावून छिद्र आणि कण यांच्यामधला पृष्ठभाग एसटीएलमध्ये (त्रिकोणांनी पृष्ठभाग साठवणारी फाइल) काढला, मीटरमध्ये स्केल केला, ब्लॉकमेशने खोका केला, एक सेल म्हणजे एक व्होक्सेल ठेवला आणि ओपनफोम या प्रवाहाच्या खुल्या सॉफ्टवेअरमधल्या स्नॅपीहेक्समेश या मेश बनवणाऱ्या साधनाला दिला. पुढे प्रवाह सोडवायला सिंपलफोम; आत येणाऱ्या तोंडाला दाब १, बाहेर ०.

अडचणी अशा. कधीकधी मेश बनतो तो फक्त काहीशे सेलचा, बाकी खडक गायब. बनला तर लॉगमध्ये लाखोंनी 'इललीगल फेसेस' (सेलच्या नापास बाजू), जवळजवळ सगळेच. आणि तरीही रन पूर्ण होतो तेव्हा सगळ्या सेलच्या वेगांची सरासरी काढून दार्सीच्या सूत्रात (प्रवाह, दाब आणि पार्यता यांना जोडणाऱ्या) घातली की पार्यता छापील आकड्याच्या साडेसात हजारपट येते. मार्गदर्शक म्हणतात 'मेश बारीक कर'. किती बारीक, ते सांगत नाहीत.

---

दोन_ओळी

साडेसात हजारपट म्हणजे खडक कुठला, चाळणच ती. ह. घ्या.
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

ओसरीवरून

विषय डोक्यावरून गेला पण वाचायला मजा आली. मेश म्हणजे नेमकं काय आणि तो लागतोच कशाला, हे कुणी दोन वाक्यांत सांगेल का?

---

जाळीवाला

@ओसरीवरून, पाण्याच्या प्रवाहाची समीकरणं प्रत्येक बिंदूला लागू असतात आणि बिंदू तर अनंत. संगणकाला ते झेपत नाही. म्हणून छिद्रांची पोकळी लाखो छोट्या खोल्यांत वाटायची आणि प्रत्येक खोलीत किती पाणी आलं, किती गेलं एवढाच हिशोब ठेवायचा. त्या खोल्यांचा संच म्हणजे मेश. पाइपचा मेश तासाभरात होतो. खडकाचं तसं नाही, तिथे भिंतच दर दहा-वीस मायक्रॉनला वळते.

@रेतीचा_कण, तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. 'मेश बारीक कर' हा सल्ला त्यातल्या एकीलाच लागू होतो, तोही शेवटी. आधी पहिल्या दोन.

काहीशे सेलचा मेश: स्नॅपीहेक्समेशच्या डिक्शनरीत लोकेशनइनमेश नावाचा एक बिंदू द्यावा लागतो. त्या बिंदूपासून भिंत न ओलांडता जिथवर पोचता येतं तेवढाच भाग तो ठेवतो, उरलेलं फेकून देतो. तुमचा बिंदू एखाद्या एकट्या पडलेल्या छिद्रात पडत असणार. वाळूखडकात अशी कोंडलेली छिद्रं थोडीच असतात, पण बिंदू अंदाजाने दिला तर नेमका तिथेच जाऊन बसतो. कणाच्या आत पडला तर आणखी गंमत, पाण्याऐवजी दगडाचा मेश मिळतो.

मी करतो ते असं: मेश राहू दे बाजूला, आधी चित्रावरच लेबलिंग करायचं, म्हणजे जोडलेल्या छिद्रांच्या प्रत्येक गटाला क्रमांक द्यायचा. पायथॉनच्या सायपायमधलं लेबल फंक्शन त्रिमितीत मुळातच सहा शेजाऱ्यांची जोडणी धरतं आणि आपल्याला तीच हवी, कारण मेशमध्ये पाणी फेसमधून जातं, कोपऱ्यातून किंवा कडेतून नाही. सव्वीस शेजारी धरलेत तर चित्रात जोडलेली दिसणारी छिद्रं मेशमध्ये तुटतात. मग आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सलग जाणारा गट ठेवायचा आणि बाकीची छिद्रं चित्रातच बुजवून टाकायची. त्या गटाचा डिस्टन्स ट्रान्सफॉर्म (प्रत्येक व्होक्सेलचं भिंतीपासूनचं अंतर) काढायचा. जिथे भिंतीपासूनचं अंतर सगळ्यात जास्त, तो व्होक्सेल म्हणजे तुमचा बिंदू. सेलच्या फेसवर बरोब्बर पडू नये म्हणून निर्देशांकात थोडं वेडंवाकडं दशांश टाका.

इललीगल फेसेस: ट्युटोरियलमधली मेश क्वालिटीची फाइल तशीच उचलली असेल, तर तिच्यात मिनव्हॉल (सेलचं किमान आकारमान) नावाची ओळ बघा. बऱ्याच ठिकाणी ती १ई-१३ (१० चा उणे १३ वा घात) असते, घनमीटरमध्ये. तुमच्या सेलची बाजू ५.३४५ मायक्रॉन, त्याचं आकारमान १.५ई-१६. म्हणजे नियमानुसार तुमचा प्रत्येक निरोगी सेल किमान आकाराच्या साडेसहाशेपट लहान. सगळेच नापास म्हटल्यावर बरा कोण, वाईट कोण हे त्या तपासणीला कळणारच नाही. ती फाइल मोटारी आणि मोटरसायकलींसाठी लिहिलेली आहे, खडकासाठी नाही. मिनव्हॉल अगदी खाली न्या, किंवा त्याहून सोपं: अख्खा मेश मायक्रॉनलाच एकक धरून बनवा आणि शेवटी ट्रान्सफॉर्मपॉइंट्सने मीटरमध्ये आणा. मी दुसरंच करतो. डोक्याला ताप कमी.

अॅडलेयर्स (भिंतीलगत सेलचे पातळ थर टाकणारी सोय) चालू असेल तर बंद करा. विमानाच्या पंखावर लेयर शोभतात. इथे दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्यांना जागाच नसते.

---

टेक्सासची_टेकडी

जाळीवालांनी मेशचं सांगितलं. पार्यतेच्या साडेसात हजाराचा बराचसा भाग मात्र मेशमधला नाहीच, तो हिशोबातला आहे. बघा हं.

सिंपलफोम दाब पास्कलमध्ये घेत नाही, दाब भागिले घनता असा घेतो. तुम्ही तोंडाशी लिहिलेला १ म्हणजे पाण्यासाठी १००० पास्कल. सूत्रात मात्र तुम्ही १ पास्कल आणि नेहमीची व्हिस्कॉसिटी (पाण्याचा चिकटपणा) घातली असणार. इथेच १००० चा गुणक घुसला. एक तर दाबाला घनतेने गुणा, नाहीतर सूत्रात कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (व्हिस्कॉसिटी भागिले घनता) वापरा. दोन्ही एकदम नको.

दुसरा गुणक: तुम्ही सेलमधल्या वेगांची सरासरी काढलीत. सेल फक्त छिद्रांत आहेत, म्हणजे तो छिद्रांतला वेग झाला. दार्सीचा वेग म्हणजे एकूण प्रवाह भागिले खडकाचं पूर्ण क्षेत्रफळ, कणांसकट. १८५६ च्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या अहवालात त्याने वाळू भरलेल्या नळाचं अख्खं क्षेत्रफळच धरलं होतं, वाळूच्या फटींचं नव्हे. सच्छिद्रता ०.१९६, म्हणून तुमचं उत्तर १ ÷ ०.१९६, साधारण ५.१ पटीने फुगलं.

हजार गुणिले ५.१ म्हणजे ५१००. साडेसात हजाराला त्याने भागा. उरतात दीडपट. आता या दीडपटीवर काय ती चर्चा होऊ दे.

माझ्या मते ती दीडपट तुमच्या कोपऱ्याची आहे. छापील आकडा ४०० च्या घनाचा, तुम्ही घेतलात त्याचा आठवा हिस्सा. सच्छिद्रता छोट्या तुकड्यातही लवकर स्थिर होते, पार्यता होत नाही. एक-दोन रुंद वाटा तुमच्या कोपऱ्यात आल्या की झालं.

जाता जाता, हा बेरिया म्हणजे ओहायोतलं क्लीव्हलँडजवळचं गाव. एकेकाळी तिथल्या खाणींतून धार लावायचे दगड जगभर जायचे. आता त्याच दगडाचे गाभे तेल कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत असतात, एकसारखा आणि सहज मिळणारा म्हणून.

---

रेतीचा_कण

टेक्सासची_टेकडी, सिंपलफोमच्या दाबाचं एकक फाइलीत वर लिहिलेलंच असतं, ते आता नीट वाचलं. तोंडावरच्या एकूण प्रवाहाला पूर्ण क्षेत्रफळाने भागून केलं. दीडपटच उरली, म्हणजे तुमचा हिशोब चोख.

जाळीवाला, मायक्रॉनमध्ये मेश बनवला आणि लॉग साफ झाला. पण एक नवीनच: चेकमेश एकूण आकारमान दाखवतो, ते खोक्याच्या जवळपास निम्मं येतंय. २० टक्क्यांच्या आसपास यायला हवं ना?

---

जाळीवाला

हा तपास केलात ते उत्तम. मेशचं आकारमान भागिले खोक्याचं आकारमान म्हणजे मेशची सच्छिद्रता, आणि ती चित्रातल्या जोडलेल्या सच्छिद्रतेशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर पुढे सॉल्व्हर चालवूच नये.

तुमच्याकडे पाणी दगडात गळतंय. मार्चिंग क्यूब्ज व्होक्सेलच्या मध्यापासून मध्यापर्यंत काम करतं, त्यामुळे एसटीएलचा पृष्ठभाग चित्राच्या कडेच्या अर्धा व्होक्सेल अलीकडेच संपतो. खोका मात्र तुम्ही पूर्ण २०० व्होक्सेलचा केलात. मग सगळ्या बाजूंनी अर्ध्या व्होक्सेलची फट राहते, त्या फटीतून स्नॅपी कणांच्या आत शिरतो आणि कडेला टेकलेले कण पोकळ समजून भरून टाकतो. आतले एकटे कण वाचतात, पण वाळूखडकात कण एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे एकात शिरलं की पुढच्यातही शिरतं.

खोका सगळ्या बाजूंनी एक-एक व्होक्सेल आत ओढा. एसटीएल खोक्याच्या बाहेर थोडा डोकावला पाहिजे, आत कधी थांबता कामा नये.

आता त्या दीडपटीबद्दल. टेक्सासची_टेकडी यांच्याशी मी इथे सहमत नाही. कोपऱ्याचा वाटा असेल, पण माझा पहिला संशय गळ्यांवर आहे.

खडकातली छिद्रं एकसारखी नसतात. कणांमध्ये मोठी पोकळी, मग दोन कण जवळ येतात तिथे अरुंद गळा, मग पुन्हा पोकळी. दाब जवळजवळ सगळा गळ्यांत खर्च होतो. पोकळीत दहा सेल असोत की वीस, उत्तराला फरक नाही. गळ्यात किती सेल आहेत, एवढंच बघायचं. तुम्ही व्होक्सेलएवढा सेल ठेवलाय, म्हणजे दोन व्होक्सेलच्या गळ्यात दोन सेल.

याने किती चूक होते ते कागदावर काढता येतं. दोन समांतर पाट्या घ्या, मधे एक एकक अंतर, मधे दाबाचा उतार आणि व्हिस्कॉसिटी दोन्ही १ धरा. खरा सरासरी वेग १/१२. आता मधे एकच सेल ठेवा, ओपनफोमसारखा, मध्यात वेग साठवणारा. भिंतीवरचा उतार तो मध्यापासून भिंतीपर्यंतच्या अर्ध्या अंतरावरून काढतो, म्हणजे वेग भागिले ०.५. भिंती दोन, म्हणून एकूण घर्षण चारपट वेग. ते दाबाच्या जोराइतकं, म्हणजे १ हवं. वेग आला १/४. खऱ्याच्या तिप्पट.

हेच 'न' सेलसाठी मांडलं तर प्रवाह खऱ्याच्या १ + २/न² पट येतो. दोन सेल: दीडपट. तीन सेल: १.२२. चार: साडेबारा टक्के जास्त. पाच: ८ टक्के. दहा सेलला २ टक्के. खडकातले गळे पाट्यांसारखे नसतात, त्यामुळे आकडे असेच्या असे लावू नका, पण कल कळतो. आणि कल असा की जाडा मेश नेहमी पार्यता वाढवून सांगतो. तुमचीही वाढलेलीच आहे.

---

ओसरीवरून

हे एका सेलचं गणित मला चक्क कळलं! कागदावर करून पाहिलं. धन्यवाद.

---

टेक्सासची_टेकडी

गणित मान्य, 'नेहमी' हा शब्द मान्य नाही. स्नॅपीत गळा इतका अरुंद असला की त्यात एकाही सेलचा मध्य पडत नाही, तर तो गळा उघडा राहतच नाही, बंद होतो. मग पार्यता कमी येते. जाड्या मेशमध्ये काही गळे बंद आणि उरलेले फुगलेले, दोन चुका एकमेकींना झाकतात आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. असं 'बरोबर' आलेलं उत्तर घेऊन लोक प्रबंध लिहितात.

शिवाय एक मूळ मुद्दा. दोन व्होक्सेलचा गळा मेशमध्ये आठ सेलचा केलात, ठीक. पण तो गळा खरंच दोन व्होक्सेलचा आहे का? सीटीत कडेचा व्होक्सेल अर्धा दगड, अर्धी पोकळी असला की राखाडी दिसतो. तो काळा धरायचा की पांढरा, हे थ्रेशोल्डने ठरवलं. पाट्यांच्या फटीतून वाहणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. तीन व्होक्सेलची फट प्रत्यक्षात चारची असेल तर प्रवाह २.३७ पट, दोनची असेल तर ०.३ पट. तुमचा १ + २/न² त्यापुढे किरकोळ आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

@रेतीचा_कण, चित्र आयतं काळं-पांढरं मिळालं म्हणून कटकट नाही असं म्हणालात. कटकट आहेच, ती दुसऱ्याने करून ठेवलीय इतकंच.

---

जाळीवाला

'नेहमी' मागे घेतो. उघड्या राहिलेल्या गळ्यांपुरतं खरं.

पण दोन चुका वेगळ्या ठेवायला हव्यात. चित्राची चूक मेशने सुटणार नाही हे खरंच. मात्र छापील आकडाही याच चित्रावरून काढलेला आहे, प्रयोगशाळेत पाणी सोडून नव्हे. त्याच्याशी तुलना करताना चित्र दोघांनाही तेच. तिथे उरतो तो फक्त गणनेतला फरक आणि कोपऱ्याचा फरक, आणि ते दोन वेगळे करणं सोपं आहे. कोपरा तोच ठेवा, सेल निम्मा करा. आकडा खाली सरकला तर तेवढा भाग गळ्यांचा. जागचा हलला नाही तर टेक्सासची_टेकडी जिंकले.

---

दोन_ओळी

पैज लावा. हरेल त्याने मिसळ.
(रस्सा पातळ असेल तर रेनॉल्ड्स नंबर तपासावा.)

---

रेतीचा_कण

सेल निम्मा म्हणजे आठपट सेल. २०० च्या खोक्याचे ८० लाख होते, ते ६.४ कोटी होतील. पुन्हा पहिल्या भिंतीवर डोकं. सगळीकडे बारीक न करता फक्त गळ्यांत बारीक करता येतं का?

---

जाळीवाला

येतं, पण स्नॅपीच्या मानेवर ते ओझं देऊ नका. स्नॅपी आधी अख्खा खोका भरतो आणि मग दगड काढून टाकतो. तुमच्या खडकात ८० टक्के दगड, म्हणजे पाचांतले चार सेल फेकण्यासाठीच बनवायचे. रॅम तिथे जाते.

त्यापेक्षा स्नॅपीच सोडा. छिद्राचा प्रत्येक व्होक्सेल म्हणजे एक चौकोनी सेल असा मेश पायथॉनमधून थेट ओपनफोमच्या पॉलिमेश स्वरूपात लिहा. पॉइंट्स, फेसेस, ओनर, नेबर आणि बाउंडरी, पाच फाइली. फेसचा क्रम नीट लावणं हीच काय ती मेहनत: आधी आतले सगळे फेस, ओनर सेलच्या क्रमाने, मग कडेचे, पॅचनुसार. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी शून्य, स्क्यूनेस शून्य, म्हणजे एकही सेल तिरका-वाकडा नाही, सॉल्व्हर सुखात. २०० च्या खोक्याचे १५-१६ लाख सेल होतील. प्रत्येकाचे आठ केलेत तरी सव्वा कोटी. ६४ जीबीत बसायला हरकत नाही.

पायऱ्यापायऱ्यांची भिंत दिसायला वाईट दिसते आणि तिचं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा जास्त भरतं, म्हणून भिंतीवर रासायनिक क्रिया वगैरे मोजायची असेल तर हा मार्ग नको. एकूण प्रवाह मोजायला चालतो.

स्नॅपी ठेवायचाच असेल तर ओपनफोमच्या ओपनसीएफडीवाल्या आवृत्त्यांमध्ये गॅपलेव्हल आहे, अरुंद फटी शोधून तेवढ्याच बारीक करतो. नाहीतर चित्रावरूनच स्थानिक जाडी काढा, पायथॉनच्या पोअरस्पायमध्ये सोय आहे, आणि जिथे ती चार-पाच व्होक्सेलपेक्षा कमी तेवढेच सेल टोपोसेटने निवडून रिफाइन करा. एक पथ्य: बारीक-जाड्याची सीमा गळ्याच्या ऐन मध्यावर येऊ देऊ नका, दोन-तीन सेल पोकळीत सरकवा.

एसटीएल गुळगुळीत करत असाल तर त्याचंही बघा. साधं लाप्लास स्मूदिंग पृष्ठभाग आक्रसवतं, गोल कण बारीक होतात आणि गळे रुंदावतात. ताऊबिनची १९९५ ची पद्धत वापरा, ती एक पाऊल आत, एक बाहेर टाकते, त्यामुळे आकारमान टिकतं.

---

टेक्सासची_टेकडी

इतका आटापिटा करण्यापेक्षा मेश हवाच कशाला? लॅटिस बोल्ट्झमन (नोडांच्या चौकोनी जाळीवर कणांची ये-जा मोजून प्रवाह काढणारी पद्धत) घ्या, पालाबॉससारखं खुलं सॉफ्टवेअर आहे, चित्राचा व्होक्सेल हाच नोड. मेशिंग ही पायरीच नाही. आमच्या क्षेत्रात एकट्या पाण्याची पार्यता हवी असेल तर बहुतेक जण तेच करतात.

अर्थात, गळ्यात दोन नोड असले की तिथेही रडगाणं तेच. शिवाय एकच रिलॅक्सेशन टाइम धरणाऱ्या जुन्या बीजीके पद्धतीत पार्यता व्हिस्कॉसिटीवर अवलंबून बदलते, जे भौतिकशास्त्राला धरून नाही; दोन रिलॅक्सेशन टाइमवाली पद्धत घ्यावी लागते.

तिसरा रस्ता: सगळा खोका सरळ चौकोनी सेलांचा, दगडासकट, आणि दगडाच्या सेलला अतिशय कमी पार्यता देऊन दार्सी-ब्रिंकमन-स्टोक्स समीकरण सोडवायचं. दगड मेशमधून कापायचाच नाही. चुनखडकात, जिथे कणांच्या आतही सीटीला न दिसणारी बारीक छिद्रं असतात, तिथे हाच मार्ग शहाणपणाचा, कारण राखाडी व्होक्सेलला राखाडीच ठेवता येतं. बेरियासाठी मात्र ओझं जास्त आणि फायदा कमी.

---

कातळकडा

निवृत्त भूजलवाला. तुमचं गणित आमच्या काळी नव्हतं, पण एक शंका. हे सगळं वाळूखडकाचं. आपल्या महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग दख्खनचा बेसॉल्ट. त्यातही बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा थर असतो, हातात घेतला तर भोकंच भोकं. पण विहिरीला पाणी किती देईल ते भोकं मोजून कधी कळलं नाही. बरीचशी भोकं झिओलाइट आणि कॅल्साइटने भरलेली, उरलेली एकमेकांना न जोडलेली. पाणी येतं ते भेगांतून, झिजलेल्या मुरमातून आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यातून. अशा दगडाचा मेश केला तर लोकेशनइनमेश का काय ते कुठे ठेवणार?

---

जाळीवाला

कातळकडा काका, बरोबर ओळखलंत. तुमच्या दगडाचा चार मिलिमीटरचा तुकडा घेतला तर बऱ्याचदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा सलग गटच सापडणार नाही. लेबलिंग केलं की पहिल्याच पायरीत उत्तर मिळतं: सच्छिद्रता भरपूर, पार्यता जवळपास शून्य. मेश करायची वेळच येत नाही.

तिथे मेश करायचा तो भेगांचा. प्रत्येक भेग एक चपटा बहुकोन, असे शेकडो बहुकोन एकमेकांना छेदणारे, आणि त्रिकोणांची जाळी फक्त त्या पातळ्यांवर. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचं डीएफएनवर्क्स हे सॉफ्टवेअर हेच करतं. अवघड जागा म्हणजे दोन भेगा अगदी लहान कोनात किंवा एकमेकींच्या जवळून छेदतात ती. तिथे त्रिकोण सुईसारखे होतात. म्हणून ते भेगा निर्माण करतानाच ठरावीक लांबीपेक्षा बारीक छेद येऊ देत नाहीत. आधी भूमिती, मग मेश, असा क्रम न ठेवता मेश होईल अशीच भूमिती घ्यायची. मला ते पटतं, काहींना ती लबाडी वाटते.

गावाच्या पाणलोटापर्यंत आलात की यातलं काहीच नको. भूजलाचं सॉफ्टवेअर मॉडफ्लो ६, थरांचे सेल, विहिरीजवळ बारीक, लांब मोठे. तिथे सेल मीटरांत आणि पार्यता पंपिंग टेस्टवरून.

---

टेक्सासची_टेकडी

कातळकडा, थरांचा सांधा हा मुद्दा लाखमोलाचा. वॉशिंग्टन राज्यात वॉलुला इथे २०१३ साली सुमारे हजार टन कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडला, तो लाव्हा थरांच्या माथ्यावरच्या सच्छिद्र, तुटलेल्या पट्ट्यांतच. थराचा घट्ट गाभा वर झाकणासारखा. रचना आपल्या दख्खनचीच, खडकाचं वय वेगळं.

---

ओसरीवरून

आमच्या कोकणात जांभ्याच्या विहिरी असतात, भिंतीतून धारा लागतात पावसात. तो दगड कुठल्या खात्यात?

---

कातळकडा

जांभा वेगळाच. त्यात नळ्यांसारख्या जोडलेल्या पोकळ्या असतात, पाणी झटकन शिरतं आणि झटकन निघूनही जातं. म्हणून तर चार महिने धो धो पाऊस आणि मार्चपासून टँकर.

---

रेतीचा_कण

जाळीवालांनी सांगितल्याप्रमाणे पॉलिमेश थेट लिहिला. फेसचा क्रम लावताना घाम निघाला, पण चेकमेश हिरवा. मेशची सच्छिद्रता आणि चित्रातली जोडलेली सच्छिद्रता आता शेवटच्या व्होक्सेलपर्यंत जुळते.

कोपरा तोच. व्होक्सेलला एक सेल, मग आठ सेल. आकडा चांगलाच खाली आला. पण छापील आकड्यापर्यंत नाही, अजून वरच आहे. म्हणजे मिसळ दोघांनी अर्धी-अर्धी द्यावी.

आणखी एक दिसलं. आत येणाऱ्या तोंडाशी दाबाचे ठिपके दिसतात, काही छिद्रांत वेग एकदम जास्त. हे खरं की खोटं?

---

जाळीवाला

खोटं. खोक्याची कड गळ्याच्या मधोमध कापते, तिथे तुम्ही सगळ्या तोंडाला एकच दाब लादलात. दोन्ही टोकांना सात-आठ व्होक्सेलची मोकळी पोकळी जोडा, दगडाविना. पाणी आधी तिथे पसरू दे, मग शिरू दे. दाबाचा फरक मोजताना मात्र पोकळी सोडून दगडाच्या दोन तोंडांवरचाच घ्या आणि लांबीही दगडाचीच.

रेसिड्युअलवर (समीकरणं सोडवताना उरलेल्या चुकीवर) विसंबू नका. आतला आणि बाहेरचा प्रवाह लॉगमध्ये छापत राहा, दोन्ही जुळले आणि हलायचे थांबले की थांबा. आणि दाब इतका कमी ठेवा की रेनॉल्ड्स नंबर (पाण्याच्या जडत्वाचं चिकटपणाशी गुणोत्तर) एकच्या कितीतरी खाली राहील. १०० मायक्रॉनच्या छिद्रात सेकंदाला एक मिलिमीटर वेग असला तर तो ०.१ होतो, त्याच्या वर जाऊ नका. खात्री हवी तर दाब निम्मा करून बघा, प्रवाहही निम्माच व्हायला हवा. नसेल होत तर तुम्ही दार्सीच्या राज्यात नाही.

---

टेक्सासची_टेकडी

अर्धी मिसळ मान्य. उरलेला फरक माझ्या वाट्याचा, तो तपासायला नवीन मेश लागत नाही. मूळ चित्रातून २०० चे आठ घन निघतात. तुमची पायथॉन स्क्रिप्ट आता तयार आहेच, आठही घन तिच्यातून काढा, व्होक्सेलला एक सेल एवढ्या जाड मेशवर चालवा. आकडे फुगलेले येतील, पण सगळे सारखेच फुगतील, आणि आपल्याला आपसातला फरकच बघायचाय. प्रत्येकाला तिन्ही दिशांनी दाब लावा, म्हणजे चोवीस रन. रात्री लावून झोपा. तुमचा कोपरा त्या आठांत वरच्या बाजूला निघाला तर प्रश्न मिटला, आणि मार्गदर्शकांना दाखवायला एक आलेखही मिळेल.